शब्द ऐकूं येऊं द्या!

रॅपविषयीं आमच्या सुशिक्षित घरांतून हल्लीं दोन मतें ऐकूं येतात. वडील माणसें म्हणतात, "हा निव्वळ गोंगाट आहे, ह्यांत काव्य नाहीं कीं गायन नाहीं." घरांतला मुलगा म्हणतो, "आधीं बोलून तर टाकूं. काय उणें राहील तें मिक्सिंगमध्यें सुधारतां येतें." बापलेकांचा हा वाद रोज चालतो, परंतु एका गोष्टीवर दोघांचें पूर्ण एकमत आहे, हें दोघांच्याहि ध्यानांत येत नाहीं. रॅपमध्यें शब्दाला महत्त्व नाहीं, असेंच दोघेहि धरून चालतात. ह्या समजुतीचा प्रतिवाद करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम वडिलांकडे वळूं. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागांत कूल हर्क ह्या तरुणानें आपल्या बहिणीच्या मेजवानींत तबकड्या वाजविल्या, तेथून ह्या कलेचा उगम मानतात. त्या वेळीं माइकवरचें बोलणें नाचणाऱ्यांना चेतविण्यापुरतेंच होतें. पण १९८२ सालीं 'द मेसेज' ह्या गीतानें तशाच वस्त्यांचें दारिद्र्य वेशीवर टांगलें. १९८७ सालीं राकीमनें 'पेड इन फुल' ह्या संग्रहांत यमकाला चरणाच्या शेवटच्या खुंटीवरून सोडवून चरणाच्या पोटांत खेळविलें. आणि २०१८ सालीं केंड्रिक लामारच्या 'डॅम' ह्या संग्रहास संगीताचें पुलित्झर पारितोषिक मिळालें. परकीयांच्या पारितोषिकानें ज्यांचें समाधान होत नाहीं, त्यांनीं अठराव्या शतकांतील अमृतरायांचे कटाव आठवावे. रॅप कटावापासून निघाला, असें आमचें म्हणणें नाहीं. द्रुत लयींत अनुप्रासाच्या झडी लावणें ही गोष्ट मराठी कानाला परकी नाहीं, एवढेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.

शिवाय येथें केवळ करमणुकीचा प्रश्न नाहीं. मुंबईच्या 'स्वदेशी' ह्या समूहानें २०१९ सालीं आरेच्या आदिवासींची कैफियत 'द वारली रिव्हॉल्ट' ह्या गीतांत मांडली. ज्या वस्त्यांची बोली मासिकांच्या पृष्ठांवर क्वचितच उमटते, त्या ह्या मार्गानें आतां स्वतःच्या तोंडानें बोलूं लागल्या आहेत. अशा वेळीं तें बोलणें ऐकूं न येणें हें केवळ ध्वनिमुद्रणाचें वैगुण्य नव्हे. तें वाङ्मयाचें नुकसान आहे.

आतां चिरंजीवांकडे. मिनिटाला ९० ठोके पडणाऱ्या बीटवर १६ बारचें कडवें सुमारें ४३ सेकंदांत संपतें. प्रत्येक बारमध्यें अक्षरांसाठीं १६ घरें धरलीं, तर एका घराच्या वांट्याला सेकंदाचा सहावा हिस्सा येतो. हीं सर्व घरें अक्षरांनीं ठासून भरणारा कवि श्वास कोठें घेणार? चौथ्या ओळीला तो धापा टाकूं लागतो आणि ओळींचीं शेवटचीं अक्षरें गिळतो. यमक तर नेमकें तेथेंच असतें! म्हणून श्वासाच्या जागा कागदावरच खुणेनें दाखवाव्या, कडवें चालत चालत मोठ्यानें म्हणावें, आणि तीन वेळां म्हणूनहि जी ओळ जिभेला अडखळविते ती निर्दयपणें खोडावी.

मराठी लिहिणाऱ्यानें आणखी एक गोष्ट ओळखली पाहिजे. पूल आणि फूल, दार आणि धार, बात आणि भात ह्या जोड्यांतला भेद केवळ एका फुंकरेचा आहे. ती फुंकर घाईंत वगळली, तर अर्थ बदलतो. ती सरळ माइकवर आदळली, तर धप्प असा आवाज होऊन शब्द झांकला जातो. उपाय अगदीं साधा आहे. माइकपासून वीतभर अंतर ठेवावें, मध्यें पॉप फिल्टरची जाळी धरावी, आणि माइक तोंडासमोरून किंचित् तिरका करावा. हें न करणारा पुढें यंत्रावर खालचे स्वर कापीत बसतो, आणि धप्प आवाजाबरोबर स्वतःच्या आवाजाचा भरदारपणाहि कापून टाकतो.

खोलीचेंहि तसेंच. उघड्या भिंतींवरून परतलेला आवाज एकदां शब्दांत मिसळला, म्हणजे तो मागाहून पुरता निघत नाहीं. आणि मर्यादेबाहेर चढून फाटलेला आवाज पूर्ववत् होत नाहीं. तेव्हां महागड्या माइकसाठीं हट्ट धरण्यापूर्वीं कपड्यांनीं भरलेलें कपाट उघडून त्याच्यापुढें उभें राहावें, पाठीमागें गोधडी टांगावी, आणि सर्वांत मोठी आरोळीहि मोजपट्टीवर शून्याच्या सुमारें १० डेसिबल खालींच राहील असा बेत ठेवावा.

मिक्सिंगची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. कॉम्प्रेसर कुजबूज आणि आरोळी ह्यांमधलें अंतर कमी करतो. इक्वलायझरनें बीटमधला २ ते ४ हजार हर्ट्झचा पट्टा थोडा उतरविला, तर व्यंजनांना वाट मिळते. ओळीच्या शेवटच्या शब्दावर दुसऱ्यानें म्हटलेला तोच शब्द चढविला, तर यमक ठसतें. परंतु हा सारा असलेल्या शब्दाला उठाव देण्याचा उद्योग आहे. नसलेला शब्द त्यांतून जन्मास येत नाहीं. कोणी १९९७ सालीं निघालेल्या ऑटो-ट्यूनचा दाखला देतील. तें यंत्र ढळलेला स्वर जागेवर आणतें. गिळलेलें अक्षर परत आणीत नाहीं. "अस्पष्ट बोलणें हीच आमची शैली," असेंहि कोणी म्हणतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, ज्याला स्पष्ट बोलतां येतें त्यानेंच अस्पष्टपणाची ऐट मिरवावी. इतरांची ती शैली नसून सबब आहे.

तेव्हां दोन्ही पक्षांनीं एकदां एक परीक्षा करून पाहावी. मुलानें आपलें गीत साध्या फोनवर, बेताच्या आवाजांत, स्वयंपाकघरांत लावावें. कुकरची शिट्टी होऊं द्यावी, नळ वाहूं द्यावा. मग आजीला विचारावें, "काय म्हटलें, सांग पाहूं." आजीनें शब्द सांगितले, तर वडिलांनीं गोंगाटाचा आरोप मागें घ्यावा आणि गीताच्या अर्थाशीं खुशाल भांडावें, तसलें भांडण वाङ्मयास हितावहच असतें. आजीला शब्द सांगतां आले नाहींत, तर मुलानें यंत्राकडे न धांवतां मुकाट्यानें वहीकडे परतावें.