घर भाड्याचे, ओल कोणाची?

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की भाड्याच्या घरांत एक प्रश्न दरवर्षी नेमाने उभा राहतो. रंग कोणी द्यायचा? घरमालकाचे म्हणणे असे, की राहता तुम्ही, भिंतींवर रेघोट्या तुमच्या मुलांच्या, तेव्हा चुन्याचा हात तुम्हीच फिरवा. भाडेकरूचे म्हणणे असे, की घर तुमचे, भिंती तुमच्या, आम्ही आज आहोत, उद्या नाही. गंमत अशी की हा सारा संवाद दोघांच्या मनातल्या मनात चालतो. प्रत्यक्षात कोणी कोणाला काही बोलत नाही, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लक्ष्मी येते ती गेल्या वर्षीच्याच पोपड्यांखालून.

रंगाचे उत्तर सोपे आहे. केंद्र सरकारने २०२१ साली घरभाड्याचा एक नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला. त्याच्या शेवटी दुरुस्त्यांची वाटणीच करून दिली आहे. भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळाच्या पाइपांची बदली, विजेची वायरिंग आणि घराच्या सांगाड्याची कामे मालकाकडे. नळाचा वॉशर, बटणे, कड्या-कुलुपे, खिडकीची काच, मोरीची सफाई भाडेकरूकडे. हा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कोणावर बंधनकारक नाही, आणि आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. पण करार लिहायला बसताना ही यादी समोर ठेवावी. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. बदलीच्या नोकरीत आर्वी, पुलगाव, हिंगणघाट अशा गावांतून मी तेवीस वर्षे भाड्याने राहिलो, आणि आता वर्ध्यात माझ्या घराचा वरचा मजला भाड्याने दिला आहे. म्हणजे या खटल्यात मी वादीही आहे आणि प्रतिवादीही.

आमच्याकडे जुनी घरे कवेलूची. पुण्या-मुंबईची मंडळी ज्यांना कौले म्हणतात ती. मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, वानरांच्या उड्यांनी फुटलेले बदलायचे, आणि दिवाळीआधी पांढऱ्या मातीने भिंती पोतारायच्या, असा वर्षाचा क्रमच होता. ओल कुठून येते हे विचारायला इंजिनिअर लागत नसे. वर पाहिले की आकाशाचा ठिपका दिसे, तिथला कवेलू फुटलेला. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा घर आसपास मिळणाऱ्या सामानातून आणि गावातल्याच माणसांच्या हातून व्हावे असा त्यांचा आग्रह होता. त्या कुट्यांकडे लोक साधेपणा पाहायला जातात. मला तिथे वेगळीच गोष्ट दिसते. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांचे ते घर बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर होता. आपल्या स्लॅबच्या घराला ही सोय नाही. गच्चीवरच्या पाइपात कडुनिंबाचा पाला अडकतो, पाणी तुंबते, आणि ओल उगवते ती भलत्याच खोलीत. आमच्या घरी ओल बैठकीच्या कोपऱ्यात आली तेव्हा तीन जणांनी तीन कारणे सांगितली. शेवटी एक म्हातारा मिस्त्री भिंतीला नुसता तळवा लावून म्हणाला, "पानी वरून नाही येत जी, बाजूनं येते." आणि ते खरे निघाले, न्हाणीघरातला पाइप भिंतीच्या आत गळत होता.

त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात सुकून आकसते, आणि तिच्यावर उभे असलेले घर तिच्याबरोबर श्वास घेते. आषाढात दार घट्ट बसते, वैशाखात तेच दार कडी न लावता उघडते. भाडेकरूने तडा दाखवला की मालकाचे ठरलेले उत्तर, "काळी माती आहे, साऱ्या वर्ध्याच्या घरांना तडे आहेत." उत्तर खोटे नाही, पण पुरेही नाही. केसासारखा तडा वर्षानुवर्षे तसाच राहतो. वाढणारा तडा ही वेगळी गोष्ट. ओळखायची युक्ती अगदी स्वस्त आहे. तड्यावर आडवी कागदाची पट्टी दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटवावी आणि तिच्यावर तारीख लिहावी. दोन-चार महिन्यांत पट्टी फाटली तर भिंत हलते आहे. मग मालकाला तडा दाखवू नये, पट्टी दाखवावी. तारखेशी वाद घालता येत नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. दुरुस्ती लांबते ती पैशापायी, असे आपण समजतो. माझा अनुभव असा, की ती बहुतेक वेळा लांबते भिडेपायी. मालक खालच्या मजल्यावर राहतात, त्यांना आपण काकाजी म्हणतो, काकू संक्रांतीला तिळगूळ पाठवतात. त्यांना नळ गळतो हे कसे सांगायचे? आणि भिडेच्या मागे भीती असते. अकरा महिने संपत आले आहेत, आता तक्रार केली तर काकाजी भाडे वाढवतील, नाहीतर "मुलाचे लग्न आहे, जागा लागते" म्हणतील.

या अकरा महिन्यांची कथा ऐकण्यासारखी आहे. १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती यातायात टाळायला लोकांनी मुदत अकरा महिन्यांवर आणली. महाराष्ट्रात हे कारण आता उरलेले नाही. १९९९च्या कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे भाड्याचा करार, मग तो कितीही मुदतीचा असो, लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते. कारण गेले, पण अकरा महिने राहिले आहेत. आणि दर अकरा महिन्यांनी भाडेकरूच्या तोंडाला कुलूप लागते.

विदर्भाचा भाडेकायदा तसा मुळातच निराळा होता. आमचा जिल्हा मध्यप्रांतातून मध्यप्रदेशात, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. पण घरभाड्याला मात्र १९४९चा जुना मध्यप्रांत-वऱ्हाडचा हुकूमच ३१ मार्च २००० पर्यंत लागू होता. त्या काळी रिकाम्या झालेल्या घराची वर्दी सरकारी अधिकाऱ्याला द्यावी लागे आणि तो ते घर सरकारी नोकराला देऊ शके. भाडेकरूला उठवण्याची नोटीस द्यायलाही परवानगी लागे. उठवले जाण्याची भीती कमी होती, म्हणून भाडेकरू बोलत असे. पण भाडे चिमूटभर, म्हणून मालक ऐकत नसे. तेही काही सुवर्णयुग नव्हते.

सध्याच्या कायद्याचे १४वे कलम मात्र प्रत्येक भाडेकरूने एकदा वाचून ठेवावे. करारात उलट काही कबूल केलेले नसेल, तर घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकावर बंधन आहे. ते तो करत नसेल तर भाडेकरूने त्याला पोस्टाने किंवा दुसऱ्या रीतीने निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. तरीही काम झाले नाही, तर भाडेकरूने ते स्वतः करून घ्यावे आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मर्यादा एवढीच, की एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त होता कामा नये. महिना सहा हजार भाडे असेल तर वर्षाचे बहात्तर हजार आणि चौथा हिस्सा अठरा हजार. अठरा हजारांत नवा स्लॅब पडणार नाही, पण गळणारा पाइप, तुंबलेली गच्ची आणि बिघडलेली वायरिंग यांतले पुष्कळ होते.

यात दोन खोचा आहेत. पहिली, "करारात उलट काही नसेल तर" ही. छापील करारात "सर्व दुरुस्ती भाडेकरू करील" अशी ओळ दडलेली असते आणि आपण सही कुठे करायची एवढेच विचारतो. दुसरी, आजकाल शहरांतून "लीव्ह अँड लायसन्स" म्हणून जो कागद होतो, त्याने माणूस कायद्याच्या अर्थाने भाडेकरू होतच नाही. तिथे कलमावर विसंबून चालणार नाही. दुरुस्तीचे जे काय ते त्या कागदातच लिहून घेतले पाहिजे. आणि रागाच्या भरात भाडे देणेच बंद करू नये. त्याने पाइप दुरुस्त होत नाही, फक्त मालकाच्या वकिलाची दिवाळी होते. उलट मालकानेही नळ किंवा वीज तोडून भाडेकरूला वठणीवर आणण्याचा विचार करू नये. कायद्यात त्याला मनाई आहे.

मालकाची बाजू मी आता रोज अनुभवतो. रात्री साडेदहाला जिना उतरून कोणी दिवा लागत नाही म्हणून सांगावे, आणि वर जाऊन पाहावे तर दिवाच गेलेला! कायद्याने मालकाला आधी कळवून, योग्य वेळी घर पाहण्याचा हक्क दिला आहे. मी तो वर्षातून दोनदा वापरतो, मृगाआधी आणि दसऱ्याच्या सुमारास. चहा घेतो, भिंती पाहतो, न विचारता सांगितले जाणार नाही ते विचारतो.

हे विचारायला मी शिकलो ते एका परिचारिका बाईंमुळे. त्या माझ्या भाडेकरू नव्हेत; सेवाग्रामच्या रस्त्याला एका बंगलीच्या माडीवर आपल्या मैत्रिणीबरोबर राहायच्या. आमच्या सौ.ना इंजेक्शन द्यायला यायच्या. एका मे महिन्यात बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या कूलरला हात लावला की मुंग्या येतात. म्हणून आम्ही चप्पल घालूनच पाणी भरतो." हे त्यांनी असे सांगितले, जसे कोणी सांगावे की आमचे दार जरा उचलून लावावे लागते.

वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो आणि कूलरवाचून इथे झोप नाही. पण कूलर ही वस्तू नीट पाहा. पत्र्याची पेटी, तिच्यात पाणी, पाण्यात विजेचा पंप, ओल्या ताट्या, ओली फरशी, आणि घामाने भिजलेला माणूस अनवाणी बादली घेऊन उभा. पंपाची तार कुठे उघडी पडली की वीज पत्र्यात उतरते. अर्थिंग ठीक असेल तर ती जमिनीत निघून जाते आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर ती वाट पाहत बसते, आणि बादलीवाला माणूस हीच तिची वाट होते. कूलरचा धक्का लागून कोणी गेले, ही बातमी विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येते. मुंग्या येणे ही त्याच बातमीची पहिली ओळ असते.

मी विचारले, मालकांना सांगितले का? "दोन उन्हाळे झाले. सांगू सांगू म्हणतो. पण जूनमध्ये करार संपतो ना."

त्या दिवशी आमच्या ओळखीचा वीजतंत्री त्यांच्याकडे पाठवला. टेस्टर लावून, तिसऱ्या भोकातली तार उपसून तो म्हणाला, "याले अर्थिंगच नाही जी. तार आहे, पन भिंतीतच संपली." तिसरे भोक नुसते शोभेचे होते. कूलर तिथल्या तिथे बंद केला. मग आम्ही कागद घेऊन बसलो. पत्र चार ओळींचे झाले: माडीवरच्या खोलीत कूलरच्या पत्र्यात वीज उतरते, तंत्र्याने अमुक तारखेला तपासले, अर्थिंगची तार जोडलेली नाही, पंधरा दिवसांत काम करून द्यावे, आणि तोवर कूलर बंद आहे म्हणून शक्य तितके लवकर द्यावे. कलमाचा आकडा त्यांना घालायचा होता, मी घालू दिला नाही. पहिल्या पत्रात कायदा दाखवला की माणूस दुरुस्ती विसरतो आणि पत्राला उत्तर शोधू लागतो. त्याची एक प्रत, तारखेसह, त्यांनी स्वतःजवळ ठेवली, फोटोही काढून ठेवले.

मालक निवृत्त गृहस्थ होते. पत्र वाचून आधी रागावले, "तोंडी सांगता आले नसते का?" मग गप्प झाले. संध्याकाळी तंत्र्याला घेऊन खाली स्वतःच्या खोलीत गेले. माडी आणि तळमजला यांचे वायरिंग एकाच वेळी झालेले, एकाच माणसाने केलेले. खालच्या कूलरलाही अर्थिंग नव्हते, आणि त्या कूलरमध्ये रोज दुपारी पाणी भरत असे त्यांची सात वर्षांची नात.

तिसऱ्या दिवशी अंगणात खड्डा खणला. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, आणि उन्हाळ्यात खड्डा सुकू नये म्हणून वर पाणी ओतायची नळी. मीटरजवळ आरसीसीबी बसवला, जो तीस मिलिअँपिअरएवढी वीज वाट चुकली तरी क्षणाच्या आत प्रवाह तोडतो. खर्च मालकांनी केला. जूनमध्ये करार पुन्हा झाला. भाडे पाचशेने वाढले, ते त्या गल्लीत सगळ्यांचेच वाढले होते. करारात एक नवी ओळ मात्र मालकांनी स्वतः सांगून घातली, की वीज आणि पाणी यांची तक्रार भाडेकरूने त्याच दिवशी लेखी द्यावी.