फायबरची नाव आणि डागडुजीचं बजेट

भंडाऱ्याचा आहे असं सांगितलं की पुण्यात अजूनही दोनपैकी एक प्रश्न येतोच. "म्हणजे जेजुरीचा भंडारा?" किंवा "म्हणजे जेवणाचा भंडारा?" दोन्ही नाही हो! नागपूरच्या पूर्वेला साठेक किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठी एक जिल्हा आहे. तांदूळ, पितळेची भांडी आणि तलाव ही त्याची ओळख. पाचशे किलोमीटरच्या आत कुठल्याच दिशेला समुद्र नाही. तरी आजचा विषय मासेमारीची नाव. आणि तीसुद्धा फायबरची.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्याकडे ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतो. गावच्या तलावात आणि नदीच्या डोहात लाकडी डोंगा पुरायचा. मग पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरण आलं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, आणि पुढे पाणी अडल्यावर नदीचा मोठा जलाशय झाला. वारा सुटला की त्यावर चांगल्या लाटा उठतात. तिथे अरुंद डोंग्यापेक्षा रुंद नाव बरी. शिवाय डोंग्यासाठी लागणारं मोठं सलग लाकूड आता मिळायला अवघड आणि महाग. त्यामुळे फायबरच्या नावा आल्या. हलक्या, रंगीत आणि (विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार) 'लाइफटाइम'.

माझा मुद्दा या 'लाइफटाइम' शब्दापाशी सुरू होतो. नवी नाव घ्यायला योजना आहेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत होड्या आणि जाळ्यांसाठी अनुदान ठेवलं गेलं. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण असल्या योजनांची भाषा कायम नव्या नावेची किंवा बदली नावेची असते. आहे ती नाव आणखी दहा वर्षं कशी चालेल, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा. माझं स्पष्ट मत असं की हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो पैशाइतकाच माणसाच्या जिवाचाही आहे. कसा ते सांगतो.

फायबर म्हणजे नेमकं काय? काचेच्या धाग्यांची चटई (मॅट) आणि तिच्यात मुरवलेलं पॉलिएस्टर रेझिन. असे थरावर थर, आणि सगळ्यात बाहेर जेलकोट नावाचा गुळगुळीत रंगीत थर. हे प्रकरण खरोखर टिकाऊ आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेल्या चाळीस फुटी फायबर नौकांपैकी एकीचे तुकडे कापून दहा वर्षांनी आणि पुन्हा वीस वर्षांनी तपासले होते. ताकद फारशी कमी झालेली नव्हती. म्हणजे 'लाइफटाइम' हे अगदीच खोटं नाही. फक्त त्या नौकांची निगा राखली जात होती, हे विकणारा सांगत नाही.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं खारं पाणी वाईट आणि गोडं पाणी चांगलं. लोखंडाच्या बाबतीत ते बरोबर आहे, फायबरच्या बाबतीत बरंचसं उलटं. जेलकोटमधून पाण्याचे रेणू हळूहळू आत झिरपतात. आत रेझिनमधली अर्धवट राहिलेली रसायनं त्यात विरघळतात आणि घट्ट द्रावण तयार होतं. मग शाळेत शिकलेला ऑस्मॉसिस! बाहेरचं पातळ पाणी आतल्या घट्ट द्रावणाकडे ओढलं जातं, दाब वाढतो आणि फोड येतात. बाहेरचं पाणी खारट असेल तर हा फरक कमी असतो. गोडं असेल तर जास्त. फोड फोडला तर आतल्या पाण्याला चक्क व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. म्हणजे आमच्या तलावातली नाव मुंबईच्या कोळ्याच्या नावेपेक्षा सुखात असते, हा गैरसमजच म्हणायचा.

गेल्या मे महिन्यात पवनीकडच्या एका गावात, ओळखीच्या एका मासेमार काकांच्या नावेवर मी सलग तीन शनिवार-रविवार घालवले. नाव सोळा फुटी आणि चौदा वर्षांची. काठावरच्या दगडांवरून रोज ओढून तळ खरवडलेला, एका बाजूला हातभर तडा. पण काकांची तक्रार तड्याबद्दल नव्हतीच. "फायबरले काई होत नाई म्हनत होते, बाबू. आता भलतीच जड झाली. दोघांनं सरकत नाई."

जड झाली! याच वाक्यात सगळं आलं. लाकडी डोंगा कुजला की दिसतो, गळतो, बोट लावलं की भुसा निघतो. फायबरची नाव बाहेरून तशीच दिसते आणि आतून पाणी पीत राहते. अशा नावांमध्ये पुढच्या टोकाला आणि बसायच्या फळीखाली बंद कप्पे असतात. त्यात फोम किंवा नुसती हवा असते. नाव पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून. काकांच्या नावेत कोणीतरी कधीतरी जाळं अडकवायच्या हुकासाठी त्या कप्प्याला भोक पाडलं होतं. त्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी गेलं. कप्पा कापून उघडला तर फोम ओल्या स्पंजासारखा पिळता येत होता. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे झालंच. पण त्याहून वाईट म्हणजे, नाव उलटली असती तर जो कप्पा तिला वर धरणार होता, तोच तिला खाली ओढणार होता. वैनगंगेचं पाणी शांत दिसतं म्हणून त्याला गृहीत धरू नये. जानेवारी २०२४ मध्ये खाली गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ नाव उलटून मिरची तोडायला निघालेल्या बायांचा जीव गेला. त्या दुर्घटनेची कारणं वेगळी असतील, पण नाव उलटल्यावर काय होतं हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

तर दुरुस्ती. यात रॉकेट सायन्स काही नाही, पण शिस्त लागते.

पहिली पायरी, ठोकून बघणे. नाव पालथी घालायची आणि छोट्या हातोडीने इंच-इंच ठोकत जायचं. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, थर सुटले असतील तिथे भद्द. खडूने खुणा करायच्या. दुसरी पायरी, वाळवणे. इथे विदर्भाचा मे महिना म्हणजे देवाची देणगी. हवेत ओल नसतेच. वाळलं की नाही हे कळायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवायचा. आतून दव धरलं तर अजून ओल आहे.

तिसरी पायरी सगळ्यात नावडती: घासणे. तड्यावर नुसता ठिगळ मारून चालत नाही, तो वर्षभरात निघतो. तड्याच्या दोन्ही बाजू ग्राइंडरने उतरत्या करायच्या. जाडीच्या साधारण बारा पट लांब उतार. तळ पाच मिलीमीटर जाड असेल तर दोन्हीकडे सहा-सहा सेंटीमीटर. म्हणजे नव्या थरांना धरायला भरपूर जागा मिळते. काचेची धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसात तर जायलाच नको, त्यामुळे चांगला मास्क आणि चष्मा हवाच. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

मग ॲसिटोनने पुसून मॅट आणि रेझिनचे थर. मॅटच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन, आणि रोलरने हवेचे बुडबुडे पूर्ण काढायचे. रेझिन घट्ट करायला हार्डनर लागतं, एक ते दोन टक्के. आमच्याकडे पंचेचाळीस डिग्रीत दोन टक्के टाकलं तर मगमध्येच दगड होतो! म्हणून पहाटे साडेपाचला काम सुरू, एक टक्का हार्डनर आणि एका वेळी पाव किलोच रेझिन. दुकानात कधीकधी कोबाल्ट ॲक्सिलरेटर वेगळा देतात. तो आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नये, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळून घ्यायचा, मग हार्डनर. आणि हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. हे दोन नियम पाठच करावेत.

ओल्या फोमच्या जागी काय टाकायचं? थर्माकोल सुचतं सगळ्यांना, पण पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनने थर्माकोल विरघळतो. आम्ही घट्ट झाकणाचे पाच लिटरचे रिकामे तेलाचे डबे भरले. एक डबा साधारण पाच किलोला वर धरतो, आणि एक फुटला तरी बाकीचे शाबूत राहतात. थोडक्यात, रिडंडन्सी!

सगळा खर्च, आमची मजुरी सोडून, साडेसहा हजार रुपये. तेवढ्या मापाची नवी नाव घ्यायला काकांनी विचारलं होतं तेव्हा लाखभर सांगितले होते.

आता आपल्या धंद्यातलं बोलू. जोएल स्पोल्स्कीने २००० साली नेटस्केपबद्दल लिहिलं होतं, की चालणारा जुना कोड फेकून सगळं पहिल्यापासून लिहिणं ही सगळ्यात मोठी धोरणात्मक चूक. कारण जुन्या कोडमधल्या त्या कुरूप ओळी म्हणजे कधीकाळी सापडलेले बग्स असतात. काकांच्या नावेचंही तसंच. बसायची फळी मूळ जागेवरून वीतभर पुढे सरकवलेली, कारण एकट्याने जाळं ओढताना तोल नीट राहतो. उजव्या काठावर रबराची पट्टी, कारण जाळं तिथेच घासतं. नव्या नावेत यातलं काहीही नसतं. चौदा वर्षांचं शहाणपण त्या नावेत आहे, आणि अनुदानाच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.

पण एक मान्य करायला हवं. प्रत्येक नाव वाचवण्यासारखी नसते. तळाचे आधाराचे पट्टे सुटलेले असतील, इंजिन बसतं तिथलं प्लायवूड पूर्ण कुजलेलं असेल, निम्म्याहून जास्त तळ भद्द वाजत असेल, तर नवी घ्यावी. त्यासाठी अनुदान जरूर असावं. पण हा निर्णय ठोकून बघितल्यावर घ्यावा, फॉर्म भरायची तारीख आली म्हणून नव्हे. शिवाय निकामी फायबरचं करायचं काय? डोंगा मोडला तर चुलीत जातो. फायबर कुजत नाही, जाळलं तर विषारी धूर होतो, आणि आपल्याकडे त्याला भंगारवालाही हात लावत नाही. ते काठावर तसंच पडून राहतं.

आणि खरं सांगायचं तर ही सवय नावेपुरती नाही. आमच्या चार जिल्ह्यांत (भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली) साडेसहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव आहेत. मामा तलाव म्हणतात त्यांना. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ती जायलाच हवी होती. तलाव सरकारकडे आले. पण गावाने मिळून गाळ काढायचा, पाळ बांधून घ्यायची, ही दरवर्षीची कामं मागे पडली आणि अनेक तलाव उथळ होत गेले. त्याच काळात ३७२ कोटींचा अंदाज असलेलं गोसीखुर्द अठरा हजार कोटींच्या वर गेलं. धरण नको होतं असं मी म्हणत नाही. पण नव्याला हजारो कोटी आणि जुन्याच्या डागडुजीला उरलंसुरलं, हा हिशेब मला पटत नाही. दुसरा रस्ता आहे, हे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर केलेल्या कामातून दिसलं आहे. बेशरम काढून टाकायची, पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, देशी मासे परत आणायचे. तलाव तोच, फक्त जिवंत केलेला.

मग करायचं काय? तीन साध्या गोष्टी. एक, प्रत्येक तालुक्यात मच्छीमार संस्थांनी मिळून एक दुरुस्ती-पेटी ठेवावी: ग्राइंडर, रोलर, वजनकाटा, मास्क, चष्मे. दोन, आयटीआयमध्ये आठवडाभराचा फायबर दुरुस्तीचा वर्ग असावा. फायबरचे कूलर उन्हाळाभर दुरुस्त करणारे हात आमच्याकडे आहेतच, त्यांना नाव शिकायला वेळ लागणार नाही. तीन, नव्या नावेच्या अनुदानाबरोबर दर दोन वर्षांनी तपासणी आणि दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बांधून द्यावी. सॉफ्टवेअर विकताना आपण एएमसी घ्यायला लावतोच की!

यातल्या कशाचंही उद्घाटन होणार नाही, फीत कापायला कोणी येणार नाही. असो. पण पाऊस सुरू व्हायच्या आधी नाव पालथी घालून एकदा ठोकून बघायला फीत लागत नाही. अर्धा तास आणि एक हातोडी पुरते.