सायकलीच्या चकाकीचा जमाखर्च

जुन्या बाजारातून मुलांसाठी गियरची सायकल आणणारी घरे वस्तीवस्तीत आहेत. सायकल चालायला चांगली असते. पण ब्रेकच्या मुठी, पायडलची दांडी, सीटची पकड यांचा काळा-लाल रंग झिजून पांढरे पट्टे पडलेले असतात. शाळेतली पोरे ‘भंगार’ म्हणून चिडवतात आणि आपले पोरगे सायकल घरी ठेवून चालत जाऊ लागते. मग वडील पॉलिश पेपर घेऊन बसतात. जरूर बसावे. पण त्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात. या कामात पैसा थोडा लागतो, चुकले तर मात्र डोळ्यावर किंवा हाडावर बेतते.

पहिले काम, भागाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर ते लोखंड. साध्या काळ्या सायकलीचे हँडल लोखंडावर क्रोमचा मुलामा दिलेले असते. ते घासू नका, मुलामा गेला की पावसाळ्यात गंज धरतो. चुंबक चिकटला नाही आणि भाग हलका लागला, तर तो बहुधा ॲल्युमिनियमचा. त्यावरचा रंग पुष्कळदा ब्रशने दिलेला नसतो. भाग आम्लाच्या पाण्यात बुडवून वीज सोडली की ॲल्युमिनियमच्याच अंगावर कठीण थर तयार होतो. त्याच्या बारीक छिद्रांत रंग भरून ती बंद करतात. याला ॲनोडायझिंग म्हणतात. १९२३ साली इंग्लंडमध्ये समुद्री विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी ही रीत वापरात आली. म्हणजे हा थर केवळ शोभेचा नाही, तो धातूचे कवच आहे.

हे कवच काढायला कॉस्टिक सोडा लागतो, मोरीचे पाइप मोकळे करायला वापरतात तोच. भाग सायकलीवरून उतरवा, स्क्रू, स्प्रिंग, रबर काढा, ग्रीस साबणाने धुवा. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर थंड पाणी घेऊन त्यात २० ग्रॅम कॉस्टिक थोडे थोडे सोडा. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नका, ते उकळून तोंडावर उडते. जर्मनचे पातेले तर मुळीच घेऊ नका, कॉस्टिक पातेलेही खाते. भाग बुडवला की हायड्रोजनचे बुडबुडे येतात, म्हणून काम उघड्यावर करा. जवळ स्टोव्ह नको, बिडी नको. दर दोन मिनिटांनी भाग काढून पाहा. रंग गेला की लगेच बाहेर काढून भरपूर पाण्याने धुवा. अंगावर काळसर पूड दिसेल, ती पुढे घासताना जाते.

थर पुरता गेला की नाही, हे टॉर्चचा सेल, छोटा बल्ब आणि वायर यांनी कळते. वायरची टोके भागावर हलकी टेकवा. थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे बल्ब लागत नाही. धातू उघडा पडला की लागतो.

रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा पाहिजेच. डोळ्यात उडाले तर निदान २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि तडक दवाखाना गाठा. पोटात गेले तर उलटी करवू नका, थेट इस्पितळात न्या. उरलेले पाणी कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणे हा तर आम्ही गुन्हाच समजतो. एका खोलीच्या घरात ती बाटली पोरांच्या हाताला लागायला कितीसा वेळ? त्यात खूप पाणी घालून ते मोरीत सोडा. संडासचे ॲसिड त्यात मिसळू नका.

मग पॉलिश. वॉटर पेपर पाण्यात भिजवून आधी ४०० नंबरचा, मग ६००, १००० आणि १५००. आधीचे ओरखडे पुरते गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नये. शेवटी मऊ फडक्यावर मेटल पॉलिश. फडके काळे होते, ते ॲल्युमिनियमच.

काही भागांना मात्र हात लावू नका. रिमच्या ज्या कडेवर ब्रेकचे रबर घासते, तिथे पॉलिश लागले तर ब्रेक घसरतो. हँडल आणि त्याची पकड यांवर अंगाचा भार असतो, तिथे ओरखडा पडला तर त्यातूनच पुढे तडा जातो. पायडलची दांडी कॉस्टिकमध्ये बुडवू नका, आटे खाल्ले जातात. ती हातानेच घासा आणि घासताना पायडल बसते त्या भोकाभोवती नीट पाहा. केसाएवढा तडा दिसला तरी ती दांडी भंगारात टाका.

आम्ही कारकुनी पेशाचे, जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही. जमेला चकाकी, खर्चाला कवच. गेलेले कवच घरी परत येत नाही. उघडे ॲल्युमिनियम घामाने, पावसाने निस्तेज होते, त्याला वरचेवर पॉलिश आणि मेण लावावे लागते. तेव्हा रंग थोडाच गेला असेल तर साबणाने धुऊन राहू द्या, आणि ते पैसे ब्रेकच्या रबरावर घाला.

पट्टे पडलेच असतील तर काम दोन दिवसांत वाटून घ्या. कॉस्टिकचे काम पोरे शाळेत असताना उरका. पेपर मारायला मात्र रविवारी पोराला किंवा पोरीला शेजारी बसवा. स्वतःच्या हाताने चकचकीत केलेल्या सायकलीला कोणी भंगार म्हटले, तर उत्तर काय द्यायचे हे त्यांना शिकवावे लागणार नाही.