पेशींच्या पकडीचा पत्ता

१९१८ साली स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमन यांनी रक्तस्रावाचा एक आनुवंशिक आजार नोंदवला: प्लेटलेटची संख्या ठीक, काम मात्र अधू. दोष पुढे निघाला तो प्लेटलेटना एकमेकींशी जोडणाऱ्या एका इंटिग्रिनमध्ये, म्हणजे पेशीवरच्या ग्राही प्रथिनात. त्याचे दोन भाग, आणि दोन्हींची जनुके १७व्या गुणसूत्रावर!

जनुकांचे असे पत्ते शोधण्याची युक्ती भन्नाट होती. माणसाची आणि उंदराची पेशी एकत्र केली, की संकरित पेशी मानवी गुणसूत्रे हळूहळू गमावते. कोणते गुणसूत्र टिकले असता जनुक सापडते, ते पाहायचे.

पांढऱ्या पेशींवरच्या इंटिग्रिनांचा भाग असलेल्या सीडी१८ या प्रथिनाचे जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे. ते बिघडले, तर या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट चिकटत नाहीत आणि बाळाला वारंवार संसर्ग होतो.

दोन्ही आजार आईवडील दोघांकडून सदोष जनुक आल्यासच होतात. घराण्यात अशी नोंद असेल, तर नात्यातले लग्न ठरवण्याआधी जनुकीय सल्ला जरूर घ्यावा.