एक कज्जा आणि हजार गिटारी

फराळाच्या ताटाशेजारी भांडण मांडू नये, हे मला ठाऊक आहे. पण हे भांडण वर्षभर पोटात राहिले आहे. वाचकांनी एक दिवस सोसावे.

जुन्या जपानी विजेच्या गिटारी जमवणे हा माझा छंद. घरच्यांच्या मते तो रोग आहे. असो. माझी तक्रार या छंदात शिरलेल्या एका बाष्कळ शब्दाविषयी आहे. १९७०च्या दशकातली कोणतीही जपानी गिटार हाती आली की विकणारा तिला ‘लॉसूट गिटार’, म्हणजे कज्ज्यातली गिटार म्हणतो आणि किंमत चढवतो.

कज्जा कोणता? गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने १९७७ साली फिलाडेल्फियाच्या न्यायालयात एल्गर कंपनीवर दावा लावला. एल्गर ही आयबानेझ गिटारींची अमेरिकेतली वितरक. तक्रार होती ती खुंट्या बसवतात त्या माथ्याच्या आकाराची. पुढे आपसांत तडजोड झाली, संपले! टोकाई, ग्रेको, आरिया यांपैकी कोणीही त्या दाव्यात प्रतिवादी नव्हते. वरात एकाची आणि अक्षता साऱ्या गावाच्या डोक्यावर, असा हा प्रकार.

“नावात काय आहे?” असे विचारणारे भेटतात. अहो, या गिटारींच्या बाबतीत नावातच सारा घोळ आहे! परदेशी आयातदार माथ्यावर आपापली नावे लावून घेत. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो गावी १९६० साली फुजिगेन कारखाना निघाला. आयबानेझही तिथली आणि ग्रेकोही तिथली. त्याच गावच्या मात्सुमोकूने आरिया घडवल्या, तशा एपिफोनही. म्हणून माथा वाचून निकाल देऊ नये. तारा सैल कराव्यात, मागची पट्टी, पिकअप, आतली जोडणी पाहावी. १९७५ नंतरच्या फुजिगेनच्या आयबानेझवर क्रमांकाआधीचे अक्षर महिना सांगते व पुढचे दोन आकडे वर्ष: ‘एफ ७८’ म्हणजे जून १९७८. जुन्या टेइस्कोवर पुष्कळदा क्रमांकच नसतो. तिथे बटणे, पिकअपची झाकणे, दांडीचा जोड असे चार पुरावे जुळवावे लागतात. एका खुणेवर विसंबणारा फसतो, कारण सुटे भाग अनेक कारखान्यांत सारखेच जात.

माझा खरा राग निराळाच आहे. ‘कज्ज्यातली’ म्हटले की सारे जपानी कारागीर चोर ठरतात. नकला झाल्या, हे मी नाकारीत नाही. पण १९४६ साली टोकियोत सुरू झालेल्या आणि १९६७ साली कावाईकडे गेलेल्या टेइस्कोने चार-चार पिकअपांची, बटणांनी गजबजलेली जी चमत्कारिक वाद्ये काढली, ती कोणाची नक्कल? आणि १९८२ साली खुद्द फेंडरने जपानात कंपनी काढून फुजिगेनकडूनच गिटारी घडवून घेतल्या, त्याचे काय? आपल्याकडेही ‘जपानी माल’ म्हणून नाक मुरडणारी एक पिढी होऊन गेली. त्या हेटाळणीचेच हे नवे, महागडे रूप आहे.

भुर्दंड पडतो तो शिकाऊ पोराला. साठवलेल्या पैशात तो साध्या प्लायवुडची गिटार ‘ऐतिहासिक’ म्हणून घरी आणतो. म्हणून मी दुकानात प्रथम पेचकस मागतो. तो द्यायला कां-कूं झाली, की माझी पिशवी उचलून मी बाहेर पडतो.