निळ्या खिडकीतला कंपायलर

आठचे फॅक्टोरियल किती, असे टर्बो सीला विचारले तर पडद्यावर उत्तर येते उणे 25216. खरे उत्तर 40320. विद्यार्थ्याने आज्ञावली बरोबर लिहिलेली असते, लूप बरोबर फिरलेला असतो, तरीही धन संख्यांचा गुणाकार ऋण होतो. याचे कारण साधे आहे. ज्या काळात टर्बो सी जन्माला आले, त्या काळच्या संगणकात पूर्णांकासाठी 16 बिट राखून ठेवलेले असत. त्यात 32767 ही कमाल संख्या मावते. त्यापुढे एक मिळवला की काटा थेट उणे 32768 वर जातो. आजच्या कंपायलरमध्ये तोच पूर्णांक 32 बिटांचा असतो, म्हणून 12 च्या फॅक्टोरियलपर्यंत काही बिघडत नाही. पायथनला तर ही मर्यादाच नाही, 100 चे फॅक्टोरियलही तो सगळ्या आकड्यांनिशी छापून दाखवतो.

राज्यातल्या अनेक महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत मात्र ती निळी खिडकी अजून उघडते. आजच्या 64 बिटांच्या विंडोजवर 16 बिटांची आज्ञावली चालतच नाही. मग डॉसबॉक्स नावाचा जुन्या संगणकाचा सोंगाड्या बसवायचा आणि त्याच्या पोटात टर्बो सी चालवायचे. विद्यार्थ्याचा पहिला आठवडा भाषा शिकण्यात नव्हे, तर पडदा मोठा कसा करायचा आणि अडकलेला माउस कसा सोडवायचा हे शिकण्यात जातो.

टर्बो सीला नावे ठेवणे सोपे आहे, पण त्याच्या लोकप्रियतेमागे पैशांचेच कारण होते. बोरलँड कंपनीने 1983 मध्ये टर्बो पास्कल 49.95 डॉलरला विकायला काढले, तेव्हा इतर कंपायलरच्या किमती शेकडो डॉलरमध्ये होत्या. 1987 मध्ये टर्बो सी आले, 1990 मध्ये टर्बो सी++. आकाराने लहान, वेगाने झटपट आणि फ्लॉपीवर मावणारे. एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर करत ते भारतभर पसरले. त्यातल्या किती प्रती विकत घेतलेल्या होत्या, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही.

आता तो विचारावा लागतो. स्वामित्व हक्क कायद्यातले कलम 63 ब सांगते की, बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही संगणक आज्ञावली वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी फायद्यासाठी वापर नसेल तर कैद न देण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण दंडाची टांगती तलवार राहतेच. शिवाय ‘क्रॅक’ केलेल्या प्रतीसोबत येणारे विषाणू एका पेन ड्राइव्हवरून साऱ्या वर्गात फिरतात आणि सेमिस्टरच्या ऐन शेवटी कोणाचा तरी प्रकल्प पुसून टाकतात. हा खर्च कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

योगायोग असा की, ज्या 1987 साली टर्बो सी बाजारात आले, त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाने जीसीसी हा कंपायलर प्रसिद्ध केला. त्याला किंमत नव्हती. शिवाय त्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येत होता. टर्बो सी कधीच थांबले. जीसीसी आजही वाढते आहे आणि लिनक्सचा गाभा परंपरेने त्यावरच बांधला जातो. जावासाठी ओपनजेडीके आहे, पायथन 1991 पासून मोफत आहे, सांख्यिकीसाठी आर आहे, आज्ञावली लिहिण्यासाठी अर्धा डझन चांगले संपादक फुकट मिळतात. म्हणजे विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमाला लागणाऱ्या बहुतेक भाषांपुरता ‘परवडणारे सॉफ्टवेअर कुठून आणायचे’ हा प्रश्न खरे तर केव्हाच सुटलेला आहे.

खरी महागाई आहे ती अभियांत्रिकीच्या गणनात. मॅटलॅबसारख्या पॅकेजचा परवाना दरवर्षीच्या अंदाजपत्रकात मोठी जागा खातो, आणि छोट्या महाविद्यालयाला तो मोजक्याच यंत्रांपुरता घेता येतो. वसईचे विद्यावर्धिनी असो की विरारचे विवा, इथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला यावरचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. घोडबंदरमार्गे पवईला पोहोचले की आयआयटी मुंबई आहे आणि तिथला फॉसी प्रकल्प. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण या राष्ट्रीय अभियानातून तो चालतो. मॅटलॅबच्या जागी फ्रान्समध्ये घडलेले सायलॅब, विद्युत मंडलांसाठी ईसिम, रासायनिक प्रक्रियांसाठी डीडब्ल्यूसिम, पोलादी बांधकामाच्या आराखड्यासाठी ओसडॅग अशी साधने या प्रकल्पाने उभी केली किंवा शिक्षणात रुळवली. नावाजलेल्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहून घेतली आणि त्याचे मानधनही दिले. एखाद्या महाविद्यालयाला आपली प्रयोगशाळा विकतच्या सॉफ्टवेअरवरून मुक्त सॉफ्टवेअरवर न्यायची असेल, तर तिथले प्रयोग नव्या साधनात बसवून देण्याचा ‘लॅब मायग्रेशन’ हा उपक्रमही त्यात आहे.

त्याच संस्थेत प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प वसई-विरारसाठी तर अधिकच कामाचा. साधारण दहा मिनिटांचा एकेक पाठ, समोर पडद्यावर कृती, कानात सूचना, आणि बाजूच्या खिडकीत विद्यार्थी तेच करून पाहतो. आवाज वेगळा ध्वनिमुद्रित होत असल्याने भारतीय भाषांत पाठ तयार करता येतात, मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही रुसण्याची सवय असलेल्या शहरात ही बाब लहान नाही. जुलै 2018 मध्ये रुळ आणि रस्ते पाण्याखाली गेले, वीज गेली, तेव्हा ज्यांचा सारा अभ्यास ‘क्लाउड’वर होता त्यांचे काय झाले असेल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. ब्राउझरमध्ये चालणारी गुगल कोलॅबसारखी साधने चांगलीच आहेत. जुन्या यंत्रावरून किंवा मोबाइलवरूनही पायथन चालवता येते. मात्र ती मुख्य जेवण नव्हे, तोंडीलावणे असावे.

यंत्रांचा प्रश्नही दारात येऊन उभा आहे. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी यंत्रेसुद्धा कागदोपत्री म्हातारी ठरतात. साठ यंत्रांची प्रयोगशाळा एका फटक्यात बदलणे विनाअनुदानित महाविद्यालयाला झेपणारे नाही, आणि झेपवायचे ठरवलेच तर तो बोजा शेवटी फीच्या पावतीवर उतरतो. त्याच यंत्रांवर डेबियन किंवा लुबुंटूसारखे हलके लिनक्स बसवले, तर सी, पायथन, जावा शिकवण्यापुरती ती आणखी काही वर्षे सहज चालतात. केरळने शाळांमध्ये हे दोन दशकांपूर्वीच करून दाखवले. आपल्याकडे सी-डॅकने भारतीय भाषांसह बॉस लिनक्स बनवले, केंद्राने 2015 मध्ये सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपर्यंत ते धोरण चालत आले नाही, इतकेच.

‘मोफत’ या शब्दाबाबत एक सावधगिरी हवी. पायथनसोबत अनेक ठिकाणी बसवल्या जाणाऱ्या अ‍ॅनाकोंडाने 2020 मध्ये अटी बदलल्या आणि मोठ्या संस्थांना परवाना घ्यायला लावला. वर्गात शिकवण्याला सवलत आहे, पण कार्यालयातल्या वापराला ती लागू होईलच असे नाही. ओरॅकलच्या जावाच्या अटीही 2019 पासून वारंवार बदलल्या आहेत. कंपनीने आज दिलेली भेट उद्या परत मागितली जाऊ शकते. मुक्त परवान्याने दिलेला हक्क काढून घेता येत नाही. प्रयोगशाळा प्रमुखाने बसवण्यापूर्वी अटींचे पान एकदा वाचावे, यापलीकडे यात अवघड काही नाही.

मग अडते कुठे? अडते जर्नलमध्ये. वर्षानुवर्षे तेच प्रयोग, त्याच आज्ञावल्या, वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे उतरत आलेल्या. त्यांत आयओस्ट्रीमनंतर ‘डॉट एच’ असते, व्हॉइड मेन असते, पडदा पुसणारे क्लिअरस्क्रीन असते. सी++ चे प्रमाणीकरण 1998 मध्ये झाले आणि तो ‘डॉट एच’ तेव्हाच गेला. जीसीसीवर या आज्ञावल्या पहिल्याच ओळीला अडखळतात. विद्यार्थी घाबरतो, बाहेरून आलेला परीक्षक कपाळाला आठ्या घालतो, आणि तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक, ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही याचीच खात्री नसते, तो जुने तेच बरे म्हणतो. त्याला दोष कसा द्यायचा? पन्नास प्रयोग नव्याने लिहून तपासण्याचे तास त्याच्या मानधनात धरलेले नसतात. सॉफ्टवेअर फुकट आहे. ते रुळवणारी माणसाची मेहनत फुकट नाही. परवान्यावर वाचलेल्या पैशांतला थोडा वाटा या कामाला दिला गेला, तर कित्येक विभागांचा प्रश्न एका उन्हाळी सुट्टीत मिटेल.

याचा फटका कोणाला बसतो हे पाहिले पाहिजे. ज्याच्या घरी चांगला लॅपटॉप आहे, तो यूट्यूब पाहून आजची साधने स्वतःच शिकतो. ज्याचा संगणकाशी संबंध फक्त आठवड्यातल्या दोन प्रात्यक्षिकांपुरता आहे, नालासोपाऱ्याच्या चाळीतला किंवा वसई पूर्वेच्या पाड्यावरचा, तो मात्र प्रयोगशाळेत जे दिसते तेवढेच शिकतो. मुलाखतीत त्याने व्हॉइड मेन लिहिले की समोरचा हसतो. त्या हसण्याची किंमत कोणत्याही परवान्यापेक्षा जास्त आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाचे अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, त्यामुळे ही वेळ सोयीची आहे. पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंतची महाविद्यालये याच विद्यापीठाकडे पाहतात. अभ्यासमंडळाने विशिष्ट कंपायलरचे नाव न घालता ‘भाषेच्या प्रचलित प्रमाणाप्रमाणे चालणारी आज्ञावली ग्राह्य’ एवढी एक ओळ प्रात्यक्षिक परीक्षेच्या सूचनांत छापली, आणि त्यासोबत नमुना जर्नल संकेतस्थळावर ठेवले, तर वसईतल्या परीक्षकाला आठ्या घालायला जागा उरणार नाही आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला परवानगी मागायला कोणाच्या दारात जावे लागणार नाही.