घाटमाथ्यावरचं पाणी

कोपरखैरण्याहून पहाटे निघालेले सायकलस्वार पनवेल मागे टाकत जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीला पोचतात, तेव्हा कुठे खरा बोरघाट समोर येतो. हा घाट घाईने चढवत नाही. दम राखावाच लागतो. वर जंगलात लोणावळा, वळवण, शिरोटा हे तलाव. निसर्गानेच दिलेत असं वाटतं, पण ते टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधले. त्यांचं पाणी मोठ्या नळांतून कोसळतं आणि १९१५पासून खोपोलीत वीज तयार होते. पाय जी उंची घामाने कमावतात, तिचीच ही वीज! मोटारीतून हे अंगाला कळत नाही, म्हणून हा अंक सायकलींना दिला आहे. ट्रकांच्या या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी, खड्डे नसलेली कड हवी. आणि ती पावसाळ्याआधी हवी.